बालवाडीच्या कोर्साला एकटा बाप्या

काही गोष्टी घडताना माणूस रडकुंडीला येतो, आणि चार वर्षांनी लोक त्याच गोष्टी त्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. इंदापूरच्या बाजारात सुमनताई भेटल्या, की भाजीची पिशवी खाली ठेवून आधी सोबतच्या बायकांना बोलावतात. "महादू, तो हत्तीचा किस्सा सांग की ह्यांना!" मी सांगतो. बायका हसतात. मग मी घरी येतो.

किस्से साचतच चाललेत. बालवाडीचा वर्ग मात्र मला अजून मिळालेला नाही.

*

बारामतीत एसटीडी बूथ नवे नवे होते तेव्हाची गोष्ट. शाळा अर्धवट सोडलेल्यांसाठी एका संस्थेनं कम्युनिटी कॉलेज काढलं होतं. वायरिंग, शिवणकाम आणि बालवाडी शिक्षणाचा एक वर्षाचा कोर्स. मी नववीत शाळा सोडलेली. पूर्वी आमच्या घरी मेंढरं होती. मोठी माणसं कळपामागं गेली, की मागं राहिलेली बारकी पोरं माझ्याकडं. पोरांशी मला बोलता येतं. मोठ्यांशी जमत नाही. म्हणून मला बालवाडीच शिकवायची होती. दुसरं काही नकोच होतं.

ऑफिसात गेलो, तर क्लार्क मान वर न करता म्हणाला, "वायरिंग वरच्या मजल्यावर."

"वायरिंग नाही. बालवाडी."

"मग घेऊन या की त्यांना!"

"कुणाला?"

"मंडळींना!"

मी म्हणालो, माझं लग्न झालेलं नाही, मलाच शिकायचंय. त्यानं चष्मा काढला, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आत हाक मारली, "मॅडम, जरा बाहेर येता का? हितं एक जण आलाय. दिसायला तर बरा दिसतोय!"

*

वर्गात मी सोडून सगळ्या बायका. बऱ्याच जणी सासरहून येणाऱ्या, डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात अभिनयगीतं आली. ससा व्हायचं, बेडूक व्हायचं, उड्या मारायच्या. एकही उठेना.

शेवटी सुमनताई बोलल्या. त्या आमच्यात वयानं थोरल्या, जिभेनंही. "मॅडम, ह्या बाप्यासमोर उड्या मारल्याचं घरी कळलं, तर उद्यापास्नं आमचं कॉलेज बंद!"

देशमाने मॅडम भल्या बाई. त्यांनी तोड काढली. मला भिंतीकडं तोंड करून बसवलं!

अर्धं वर्ष मी गाणी अशीच शिकलो. पाठीमागं धपाधप उड्या, बांगड्यांचा आवाज, हसणं. माझ्यासमोर चुना.

शब्द आणि चाल ऐकून पाठ झाली. हावभाव दिसत नव्हते, ते मी मनानंच बसवले. सराव पाठाच्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "चल महादेव, हत्तीचं गाणं घे." मी डोळे मिटले आणि जीव तोडून सुरुवात केली. दुसऱ्या कडव्याला दोन्ही हात पसरून खालीवर करत वर्गाला एक चक्कर मारली.

"अगं बया!" सुमनताई ओरडल्या, "ह्याचा हत्ती उडतुया!"

वर्ग पोट धरून हसला. मी जागेवर येऊन बसलो. बसलो ते सवयीनं भिंतीकडं तोंड करूनच.

*

एकदा मॅडमनी सांगितलं, जुन्या मोज्यांच्या बाहुल्या करून आणा.

आता पणदऱ्यात आमच्या आळीला मोजे कोण घालतं? उसाला पाणी द्यायला निघालेला माणूस चप्पलसुद्धा बांधावर काढून ठेवतो. अख्ख्या घरात मोज्यांचा एकच जोड होता. दादानं स्वतःच्या लग्नात घातलेला, वहिनीनं ट्रंकेत डांबरगोळ्या घालून जपलेला. माझ्या हिशेबानं लग्न झालेलं होतं, म्हणजे मोजे जुने.

एकाचा कावळा केला, एकाचा कोल्हा. बटणांचे डोळे लावले. मॅडमनी वर्गात सगळ्यांना फिरवून दाखवले.

पुढच्याच आठवड्यात दादाच्या मेहुण्याचं लग्न निघालं. दादा पॅन्ट घालून, नवे बूट समोर ठेवून ट्रंक उपसत बसला. मी पिशवीतून दोन्ही बाहुल्या काढून त्याच्यासमोर ठेवल्या.

दादानं कोल्ह्याचा बटणाचा डोळा ओढून पाहिला. मग कावळा हातात घेऊन म्हणाला, "महादू, उजव्या पायात कुठला घालू? तुझं शिक्षण झालंय, तूच सांग!"

*

त्याच वर्षी डाळजकडचे पाहुणे आमचं घर बघायला आले. आबांनी, म्हणजे वडिलांनी, मध्यस्थाला एवढंच सांगितलेलं, "पोरगा बारामतीला कॉलेजात हाय."

मुलीच्या मामांनी बशीत चहा ओतला. "कसलं कॉलेज म्हणायचं?"

आबा गोठ्याकडं बघायला लागले. आता खोटं कुणी बोलायचं? मीच म्हणालो, "बारकी पोरं सांभाळायचं."

"कुणाची पोरं?"

"कुणाचीपण. माझ्याकडं आली की माझीच."

मामांनी बशी खाली ठेवली. "आबा, माणसानं बोलणी करताना सरळ असावं. पहिली बायको गेलीय हे आधी सांगायला नको व्हय?"

त्यानंतर आमच्याकडं कुणी आलं नाही. आबाही कॉलेजचं नाव काढेनासे झाले.

*

कोर्स संपल्यावर भिगवणकडच्या एका गावात बालवाडीची जागा निघाली. मी आणि सुमनताई, दोघंही मुलाखतीला गेलो. कमिटीत पाच-सहा जण आणि मधोमध पागोटं घातलेले एक तात्या.

तात्यांनी माझं सर्टिफिकेट उलटसुलट पाहिलं. "पास तर चांगला झालायस. आवाजबी मऊ हाय. पण पोरांना शी-शू झाली तर?"

"मी धुतो."

"तितंच तर घोडं अडतंय, बाबा!" तात्या खरोखर कळवळून म्हणाले. "बाप्या माणूस पोरांची ढुंगणं धुतो हे गावातल्या बायांनी बघितलं, तर उद्या आमाला न्हाय का बसवणार धुवायला?"

कमिटी एकमतानं "नको" म्हणाली.

जागा सुमनताईंना मिळाली. पेढे घेऊन त्या आमच्या घरी आल्या आणि माझ्या हातात पेढा ठेवताना रडायलाच लागल्या. मी पेढा खाल्ला.

*

पण सुमनताईसुद्धा मला बाजारात सांगायला लावत नाहीत असा एक किस्सा आहे. परीक्षेचा.

कोर्सच्या शेवटी प्रत्येकानं एका बालवाडीत काही आठवडे शिकवायचं आणि मग बाहेरचे परीक्षक येऊन पाठ बघणार. बायकांना लगेच जागा मिळाल्या. मला कुठलंच गाव घेईना. अखेर मॅडमनी मला कोऱ्हाळ्याजवळ ऊसतोड्यांच्या कोप्यांवर पाठवलं. पाचटाच्या त्या झोपड्यांत मला नको म्हणणारं कुणी नव्हतंच. आयाबाप उजाडायच्या आधीच उसाच्या फडात तोडणीला गेलेले असायचे.

खताची रिकामी पोती अंथरून मी बाभळीखाली वर्ग मांडला. ज्याचं त्याचं पोतं ठरलेलं. बाळू कडेवर तान्ही बहीण घेऊन बसायचा. रेश्मा काही विचारलं की इतका वेळ गप्प राहायची, की वाटावं झोपली, आणि मग एकदम बरोबर सांगायची. माझी सायकल दिसली की सगळी रस्त्यापर्यंत पळत यायची. ती पोरं मला गुरुजी म्हणायची. आजवर तेवढ्यांनीच म्हटलंय.

परीक्षेच्या सकाळी जीप आली. परीक्षक साहेब, देशमाने मॅडम, आणि तक्ते धरायला सुमनताई.

कोप्या मोडलेल्या होत्या. चुलींची राख, शेण आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. फड संपला होता, टोळी पहाटेच इंदापूरकडं हलली होती.

"मुलं?" साहेबांनी विचारलं.

"गेली."

"मला पुन्हा येणं जमणार नाही हो. अजून दोन केंद्रं बाकी आहेत." साहेब दगडावर टेकले. "असं करा, मुलं आहेत असं समजा आणि पाठ द्या."

मी मॅडमकडं पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "घे, महादेव. नाहीतर वर्ष जाईल तुझं."

मी पोती अंथरली. ज्याचं त्याच्या जागी. गाणं घेतलं, गोष्ट सांगितली. रेश्माच्या पोत्याकडं बघून प्रश्न विचारला आणि तिला लागतो तेवढा वेळ थांबलो. सुमनताईंनी तक्ता तोंडासमोर धरला. शेवटी एकेकाला नाव घेऊन घरी सोडायचं असतं, तेही केलं. "रेश्मा, कडेकडेनं जा. बाळू, बहिणीचं नाक पूस."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं, उठले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"शाब्बास! वर्गावर पकड आहे तुमची. एकही मूल रडलं नाही!"