पारडीचं दूध कुणी तोडलं

कुणाला काय भरवावं, किती आणि कसं, याचा माझ्या मावशीच्या यजमानांइतका विचार केलेला माणूस अख्ख्या मुंबई इलाख्यात दुसरा झाला नसेल. काका गिरणीत साचेखात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होते, पण जीव सगळा दुसऱ्याच्या ताटात. मी नोकरीसाठी मुंबईत आलो तो चिंचपोकळीच्या त्यांच्या खोलीतच उतरलो, आणि पहिल्याच दिवशी काका समोर मांडी ठोकून माझे घास मोजायला बसले. "चाव रे, चाव! गिळतोस काय?" पुढे माझं लग्न झाल्यावर बायकोला घेऊन गेलो, तर तिने आमटीआधी ताकाला हात लावला म्हणून त्यांनी वाटी उचलून फळीवर ठेवली. बायको अजून ते विसरलेली नाही.

असा माणूस चाळीमागच्या तबेल्याकडे बघून गप्प बसणं शक्यच नव्हतं. तिथे म्हैस व्याली की दूध गिऱ्हाइकांचं. रेडकाच्या वाट्याला फार तर चाटण. चार-आठ दिवसांत ते मरून जाई. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते, माझं लग्न व्हायचं होतं आणि मी काकांकडेच राहत होतो. चाळीतले सगळे सभांना जात, काकाही जात. पण एकदा सभा अर्ध्यावर सोडून ते तबेल्यात गेले आणि नुकती जन्मलेली एक पारडी मागून घेतली. मालक हसला. "काका, दूध मी नाय देनार. आटलेल्या म्हशी गावाला जातील ना, तेव्हा भरडा खात असेल तर हिला पन ट्रकमध्ये टाकतो. गावाला बादली घेऊन कोन बसनार? नाय खाल्ला, तर खाटिक."

पहिल्या दिवसाचा चीक मात्र काकांनी भांडून मिळवला. चाळीतल्या बायका खरवसाच्या आशेने भांडी घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत काकांनी तो थेंबन् थेंब पारडीला पाजला. चार बिऱ्हाडांनी आमच्याशी अबोला धरला. पारडी जिन्याखाली राहायला आली. दुधाची पावडर, भाताची पेज, चमचाभर तेल, असं काकांचं मिश्रण. पाणी कोमट आहे की नाही ते आधी स्वतःच्या मनगटावर बघायचे, मग माझ्या, मग जिन्यावरून जो उतरेल त्याच्या. बोटं दुधात बुडवून तिच्या तोंडात द्यायची आणि हळूहळू हात बादलीत न्यायचा. पारडी चोखू लागली की काकांचा चेहरा असा होई की मावशी एकदा वैतागून म्हणाली, "माका कदी विचारलात, जेवलंस काय म्हणान?"

दोन महिन्यांनी दूध तोडायची वेळ आली. काकांनी गॅलरीत उभं राहून जाहीर केलं, रोज पावशेर दूध कमी, मूठभर भरडा जास्त! पण पारडी ओरडली की यांचा निश्चय जिन्यावरच विरघळे. आज हवा गार आहे, आज चतुर्थी आहे, आज तिचा डोळा ओला दिसतो, अशी कारणं काढून दुसरी बादली जाई. नाकाला लावलेला भरडा पारडी काकांच्याच तोंडावर शिंकरून टाकी. ट्रक यायला दहा दिवस उरले, तरी तिने एक दाणा गिळला नव्हता. काकांना जेवण जाईना.

त्यातच ते सत्याग्रहात पकडले गेले. पोलिसांची गाडी चाळीसमोरून निघाली, तेव्हा आतले सगळे घोषणा देत होते आणि काका जाळीला तोंड लावून ओरडत होते, "अगो, पाणी कोमट!"

"झालाच पाहिजे!" गाडीने एका सुरात साथ दिली.

मावशीने त्यातलं काहीएक केलं नाही. पेजेत भरडा कालवला, वर गुळाचा खडा कुस्करला, घमेलं पारडीपुढे ठेवलं आणि स्वयंपाकाला निघून आली. पारडीने दोन दिवस चाळ डोक्यावर घेतली. मावशी कानात बोटं घालून भाकऱ्या थापत होती आणि मधेच डोळे पुसत होती. तिसऱ्या दिवशी घमेलं चाटून लख्ख.

आठ दिवसांनी काका गळ्यात हार घालून आले, ते थेट जिन्याखाली. पारडी मान घालून खात होती. काकांनी घमेल्यात बोट घालून बघितलं.

"कोणी तोडलान दूध?"

"मी," मावशी म्हणाली. "तुमच्यान झाला नसता."

ट्रक आला. "शीवपर्यंत पोचवून येतो," म्हणून काका म्हशींच्या मध्ये चढले, ते तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले. कपड्यांना शेण, डोळे लाल. थेट गावापर्यंत जाऊन आले होते. मावशीने रागावायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं भलतंच.

"खाता मां ती?"

"खाता तर! घमेल्यात तोंड घातलान, ता माज्याकडे मान वर करून बघूक पण नाय."

हे त्यांनी मला आणि शेजाऱ्यांना पुन्हा एकदा मोठ्या अभिमानाने सांगितलं. मग हातपाय धुतो म्हणून मोरीत गेले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मावशीने त्यांना हाक मारली नाही. मलाही मारू दिली नाही.