मेस्त्रींचं नाक

मेस्त्रींनी आयुष्यभर नाकाच्या जोरावर गॅरेज चालवलं. गाडी दारात थांबायच्या आत, क्लच जळतोय की ऑइल, हे ते पाठमोरे उभे राहून सांगायचे. दुसऱ्या गॅरेजात झालेल्या कामाला नाक मुरडायचे ते वेगळंच. मागल्या थंडीत तापाने त्यांना अंथरुणाला खिळवलं. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. नासक्या दुधाचा चहा ते मुकाट्याने प्यायले, तेव्हा बायकोच्या ध्यानात आलं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. तो काही आला नाही. बाजारात मात्र त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. वास न येणाऱ्या माणसाकडे गाडी कोण टाकणार? गॅरेज बंद पडलं तर या वयात दुसरं काय करायचं, तेही कळत नव्हतं. संध्याकाळी घरी गेले की ते गळून जायचे. नट-बोल्टांवर पाने फिरवून कधी जेवढे दमले नव्हते, तेवढे या सोंगाने दमत होते.

हॉस्पिटलातल्या सिस्टरांची दुचाकी त्यांच्या वडिलांच्या वेळची. टाकीखालचा पेट्रोल कॉक बंद केला तरी थेंब थेंब गळत होता. रस्त्यावर ठेवली तर चोरीला जाईल म्हणून त्या गाडी थेट घरात घ्यायच्या, स्वयंपाकाच्या ओट्याला लागून. पलीकडच्या खाटेवर त्यांची आई झोपायची.

या बनावटीचा नवा कॉक आता मिळत नाही. मेस्त्रींनी टाकी कॅनमध्ये रिकामी केली आणि दोन बोल्ट सोडवून कॉक काढला. आतलं रबर वाळून कडक झालं होतं, ते बदललं. जाळीतला गंज धुतला. टाकीला टेकणारी बाजू काचेवरच्या बारीक पॉलिश पेपरवर घासून सपाट केली, नवं पॅकिंग घातलं. मग टाकी भरून खाली वर्तमानपत्र अंथरलं. दुपारपर्यंत कागद कोरडा. पूर्वी ते एवढ्यावर थांबले नसते, कॉकला नाक लावून हुंगलं असतं. त्या दिवशीही ते वाकले. गिऱ्हाइकासमोर वाकावंच लागायचं. वाकले आणि झालं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर गाडी ढकलत आल्या. पहाटे घरभर वास सुटला होता. आईला सर्दी, तिला काही कळलं नाही, तिने चहासाठी काडीपेटी हातात घेतली होती. सिस्टरांनी ती हिसकावली. हे सगळं त्यांनी आवाज न चढवता सांगितलं आणि मग विचारलं,

"मेस्त्री, तुम्हाला वास आला नव्हता का?"

वेळ मारून न्यायला त्यांच्याकडे सबबींची काय कमी? रबर नवं आहे, बसायला वेळ लागतो. टाकी जास्त भरली गेली. पण बोलायचंच त्राण नव्हतं. ते स्टुलावर बसले.

"सिस्टर, मला वासच येत नाही. थंडीपासून."

आता सिस्टर बाजारभर बोंब मारणार, असं मेस्त्रींनी गृहीत धरलं. त्या मात्र गुडघ्यांवर बसल्या, टाकीखाली डोकं घालून हुंगलं आणि मागच्या बोल्टाकडे बोट दाखवलं. बोल्टाचा वॉशर चिरला होता. पेट्रोल इतकं बारीक झिरपत होतं की थेंब धरायच्या आत उडून जायचं. कागदाला ते दिसणार कुठून? मेस्त्रींनी वॉशर बदलला, पुसून कोरडं केलं. बऱ्याच वेळाने सिस्टरांनी पुन्हा हुंगलं आणि मान हलवली. आता वास नव्हता.

मेस्त्रींचा जीव काही भांड्यात पडला नाही. भिंतीशी दोन गाड्या धुऊन पुसून उभ्या होत्या, मालक आज न्यायला येणार होते. लाज गिळून त्यांनी विचारलं, तेवढ्या दोन बघता का? पहिली ठीक निघाली. दुसरीपाशी सिस्टर वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"हिला येतोय."

थंडीपासून हातून गेलेल्या गाड्या मेस्त्रींच्या डोळ्यांसमोर येऊ लागल्या. कुठली कुणाच्या घरात उभी असते, हे त्यांना सगळं ठाऊक होतं. ते उठले, सिस्टरांची गाडी रस्त्यावर घेतली आणि भर सकाळी गॅरेजचं शटर ओढलं.

"आधी बेकरीवाला," ते म्हणाले. "त्याची गाडी भट्टीपाशी असते. सिस्टर, चला माझ्याबरोबर. मला एकट्याला कळायचं नाही."