पिळून आलेले ढग

कोयनानगरकडचं गाव सोडलं त्या सकाळी पाऊस इतका होता की निरोपाला आलेल्या तुम्हा मंडळींचे चेहरेच दिसेनात; डोक्यावरची इरलीच तेवढी रडताना दिसली. शेत धरणात गेलेलं, बदल्यात विट्याच्या पुढं माळाची जमीन मिळालेली.

लॉरीनं कराड मागं टाकलं आणि पाऊस थांबला. विट्याला तर चक्क धूळ! आबांचा आनंद मावेना. “चिखल न्हाई, जळवा न्हाईत. लय बेस!”

आपल्याकडं डोंगरात धूळवाफेवर पेरतात. कोरड्या मातीत बी टाकायचं, पाऊस मागून येतोच. पश्चिमेला ढग दाटताच आबांनी बाजरीचं अर्धं बी तसंच पेरून टाकलं. शेजारचे तात्या बांधावरून ओरडले, “आवं पाव्हणं, ओल तरी बघा! ह्यो ढग नुसता तोंड दावून जातोय.”

“आमी ढग बघितले न्हाईत व्हय?”

ढग गेले. समुद्राकडचं वारं सह्याद्री चढताना गारठतं आणि आपलं सगळं पाणी तिथंच सांडतं. माळावर पोचतात ते पिळून घेतलेले ढग. हे आम्हाला कोण सांगणार? बी मुंग्यांनी नेलं.

पुन्हा अंधारून आलं तसे आबा उरलेलं बी न्यायला घरात शिरले. आई पोत्यावरच बसली.

“ऊठ.”

“न्हाई उठत.”

“ढग बघ की गं, म्हशीवानी काळा हाय!”

“मग धार काढून आणा. बी मिळायचं न्हाई.”

तेवढंही गेलं तर वर्षभर चुलीवर ठेवायला काही नव्हतं. आबांचा हात पोत्याच्या तोंडाला, आईचा आबांच्या मनगटाला. बाहेर पत्र्यावर टप्पकन थेंब वाजला. आबांनी आईकडं असं पाहिलं, जणू इंद्र त्यांचा साडू! आम्ही भावंडं श्वास रोखून दुसऱ्या थेंबाची वाट बघत राहिलो.

तो आलाच नाही.

आबा मुकाट्यानं तात्यांकडं गेले. “हितं पेरायचं तरी कवा?”

“वीतभर ओल लागल्यावर, गड्या.”

बऱ्याच दिवसांनी पाऊस आला, तोही उलटा, पूर्वेकडून. आबांनी मातीत बोटं खुपसून ओल पाहिली आणि येऊन आईपुढं ओंजळ धरली. आई उठली.

परवा तुमच्यातले पाहुणे आले होते. काळा ढग बघून त्यांनी अंगणातल्या मिरच्या घाईनं गोळा करायला घेतल्या. “राहू द्या,” मी हसत म्हटलं, “आमच्याकडं हे ढग पडत नाहीत.” बोलून गेले, आणि बघते तर हात माळाकडं. इतकी वर्षं ‘आमच्याकडं’ म्हटलं की माझा हात डोंगराकडं जायचा.