शुक्रवारच्या आत अठ्ठेचाळीस राउटर

दारोदार फिरणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत न्हाईत. चपला काढल्या की एक भेटतो, पाणी प्यायलं की दुसरा. केदारखेड्याजवळच्या आमच्या गावात इंटरनेटची लाइन माझी. खांबावर मीच चढते, वायर मीच जोडते अन् शिव्याबी मीच खाते. पण त्या चार दिवसांत जेवढे किस्से साठले ना, तेवढे एवढ्या वर्षांत न्हाई साठले!

झालं असं, मी जिच्याकडून लाइन घेते, त्या वरच्या कंपनीच्या साहेबांचा सोमवारी फोन आला. "मॅडम, तुमच्या गावातल्या राउटरांमध्ये व्हायरस शिरलाय. शुक्रवारी मी स्वतः येतो. एक जरी राउटर जुन्या पासवर्डनं उघडला, तर अख्ख्या गावाची लाइन तोडणार."

चूक माझीच होती. राउटरच्या आतल्या सेटिंगला कारखान्यातून आलेला 'अ‍ॅडमिन' हाच पासवर्ड मी घरोघरी तसाच ठेवल्ता. कोणाची तक्रार आली की दुकानात बसूनच आत शिरायला सोपं! मला सोपं, तसं चोरालाबी सोपं. मी कबूल केलं.

पण साहेब पुढं म्हणाले, "खेड्यातल्या लोकांना पासवर्ड झेपत नाहीत हो."

असं डोकं फिरलं माझं! म्हणलं, "शुक्रवारी याच तुम्ही!"

*

पहिलं घर रिटायर गुरुजींचं. "माझ्याकडं चोरायला हाय काय?" म्हणे.

"गुरुजी, तो तुमचं काही नेत न्हाई. तुमच्या ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या घरांवर दगडं मारतो."

गुरुजी ताडकन उठले. "माझ्या ओट्यावरून? बदल आत्ताच्या आत्ता!"

ते नवा पासवर्ड सांगून राह्यले अन् मी टाइप करून राह्यले. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून आवाज अजून वर्गातलाच. सगळं सांगून झाल्यावर विचारलं, "बराबर आलं का?"

भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "शेवटचा आकडा सांगायचा राह्यला, गुरुजी!"

मंग परत पहिल्यापासून. या वेळी त्यांना बोलूच दिलं न्हाई, कागदावर लिहायला लावलं.

*

गिरणीवाला दिलीप भलताच हुशार. "राउटर बंद करून चालू केला की व्हायरस जातो. वाचलंय मी मोबाइलवर."

जातो, बिलकुल जातो. पण पासवर्ड जुनाच असला की थोड्या वेळात परत येतो. समजावून समजावून तोंड दुखलं माझं.

"मंग मी दर दहा मिनिटाला बंद-चालू करीन!"

"कर बाबा. अन् तुझ्यापायी गावाची लाइन गेली की दळणाला आलेल्या बायांना तूच सांग."

पिठाचे हात न पुसताच त्यानं राउटर माझ्यापुढं सरकवला.

*

भाऊसाहेबांनी गोठ्यात कॅमेरा लावलाय. जेवता जेवता मोबाइलवर बैल पाहतात. त्या कॅमेऱ्यालाबी तोच रोग लागल्ता.

"पासवर्ड सर्जा ठेव," म्हणाले.

"भाऊसाहेब, तुमच्या बैलाचं नाव शेंबड्या पोरालाबी माहीत हाय."

भाऊसाहेब गंभीर झाले. बैलाकडं बराच वेळ पाहत राह्यले. "मंग बैलाचं नाव बदलतो. पासवर्ड सर्जाच!"

त्यांना त्या नावावरून हलवायला अर्धा दिवस गेला.

*

गुरुवारी शेवटचं घर शेवंतामावशींचं. मावशी रोजानं शेतात जातात. लेक पुण्यात नर्स हाय. तिचा रोज सात वाजता व्हिडिओ कॉल येतो, त्याच्यासाठीच राउटर घेतलेला. पासवर्ड मावशींनी एकेक बटण शोधून स्वतः टाकला. मी तोंड फिरवून उभी.

"मावशी, हा कोणालाच सांगायचा न्हाई. कितीबी मोठा माणूस असू दे."

"बरं," म्हणाल्या.

शुक्रवारी साहेब आले. माझ्या दुकानात लॅपटॉप उघडून एकेक राउटर जुन्या पासवर्डनं तपासला. अठ्ठेचाळीसपैकी एकबी उघडला न्हाई! मी चहा पुढं केला. त्यांनी कपाला हात लावला न्हाई.

"यात काही विशेष नाही मॅडम. खेड्यातली माणसं नुसतं विचारलं तरी सांगून टाकतात. एकानं जरी सांगितला, तरी लाइन तोडणार. तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

अन् गेले कुठं? शेवंतामावशींकडं! मावशी नुकत्याच शेतातून आल्त्या, पाय धुऊन राह्यल्या होत्या. सात वाजायला आले होते.

"मावशी, मी कंपनीचा मोठा साहेब. तुमचा पासवर्ड सांगा, चेक करायचाय."

"न्हाई सांगत."

"अहो, कंपनी आमचीच आहे!"

"असंल."

साहेबांचा आवाज चढला. "नाही सांगितलात, तर आत्ता लाइन तोडतो. लेकीचा फोन बंद होईल तुमच्या!"

मावशींनी एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडं पाह्यलं, एकदा माझ्याकडं. मंग आत गेल्या, राउटरची वायर उपसली अन् राउटर आणून साहेबांच्या हातात ठेवला.

"तोड! लेकीला भेटायला मी यष्टीनं जाईन. पण पासवर्ड तुझ्या बापालाबी भेटायचा न्हाई!"