जावेच्या लग्नातली फुलं

माझ्या दिराचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि माझं रिसेप्शन अजून व्हायचंच होतं. आमचं लग्न लॉकडाऊनमध्ये झालं, घाटकोपरला, आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर. वीस माणसं, सगळ्यांच्या तोंडाला मास्क, आणि भटजी आमच्यापासून चार हात लांब बसलेले. फुलबाजार बंद होता. सासऱ्यांनी कंपाउंडमधली तगर तोडून आणली आणि सासूबाईंनी तिचे दोन हार ओवले. "आता एवढंच होऊ दे. सगळं सुरळीत झालं की रिसेप्शन दणक्यात करू," असं जो तो म्हणत होता. पुढे सगळं सुरळीत झालं, पण रिसेप्शनचा विषय कुणी काढला नाही. मीही काढला नाही. आपलंच रिसेप्शन आपणच मागायचं, याची लाज वाटायची.

दिराने पसंत केलेली मुलगी बोरिवलीची. शाळेत विज्ञान शिकवायची. बोलायला चटपटीत, हसायला मोकळी. पहिल्यांदा घरी आली तेव्हा स्वयंपाकघरात सरळ ओट्यापाशी येऊन म्हणाली, "ताई, मला काहीतरी काम द्या ना." मी तिला कोथिंबीर निवडायला दिली. सासूबाई दारातून तिच्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे कौतुक होतं, ते मी माझ्यासाठी कधी पाहिलं नव्हतं. तिथूनच सुरू झालं असावं.

लग्न सकाळी बोरिवलीला हॉलमध्ये आणि रिसेप्शन संध्याकाळी आमच्या बिल्डिंगच्या मैदानात, असं ठरलं. सजावटीचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "सकाळच्या मांडवातली फुलं दुपारी कचऱ्यात जाणार. तीच इथे आणून संध्याकाळी स्टेजला लावूया ना. नवी कशाला?"

दोन्हीकडची माणसं तिच्याकडे बघतच राहिली. तिचे वडील भरून पावले. माझा नवरा म्हणाला, "झकास आयडिया आहे, यार!" आणि सासूबाई म्हणाल्या, "बघा, किती विचार करणारी मुलगी! आजकाल कोण एवढं बघतं?"

मी चहाचे कप गोळा करत होते. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात मी दुधीच्या सालांची चटणी केली होती. तेव्हा याच सासूबाई हसून म्हणाल्या होत्या, "माहेरी काही टाकायची सोय नव्हती की काय गं?" मी साल वापरली तर ती टंचाई, आणि तिने फुलं वापरली तर तो विचार. कप बशीवर जरा जोरातच आपटला गेला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

फुलं आणायची जबाबदारी माझ्यावर आली. "तुझ्याशिवाय कुणावर टाकू?" सासूबाई म्हणाल्या. एरवी मला हे ऐकून बरं वाटलं असतं. लग्नाच्या आदल्या दिवशी जावेने व्हॉइस मेसेज पाठवला. "ताई, फुलांच्या खोक्यांवर ओलं फडकं, आणि टेम्पोवर ताडपत्री. एवढंच. जरबेरा तेवढा सांभाळा हं, तो मी स्वतः जाऊन निवडलाय." तो मेसेज मी तीनदा ऐकला. गोड आवाजात दिलेली ऑर्डर, असं मला वाटलं. आज विचार केला तर ती नुसती विनंती होती.

लग्न सुंदर झालं. मांडवाच्या मागे निशिगंधाच्या माळांचा पडदा, खांबांना पांढरी शेवंती आणि मध्ये मध्ये केशरी जरबेरा. ती पिवळ्या साडीत मांडवात आली तेव्हा माझ्या शेजारची बाई म्हणाली, "फुलांत फूल दिसतेय अगदी." मी हो म्हटलं. अंतरपाट दूर झाला, सगळ्यांनी अक्षता टाकल्या. माझ्या मुठीतल्या अक्षता मात्र तशाच राहिल्या. मी निशिगंध बघत होते. माझ्या लग्नाच्या फोटोंत मागे पाण्याची टाकी आहे.

जेवणं आटोपल्यावर मांडववाल्यांनी फुलं उतरवून खोक्यांत भरून दिली. बाकीची मंडळी बसने निघाली. मी छोट्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले. ड्रायव्हर पन्नाशीचे, साताऱ्याकडचे काका होते. निघायच्या आधी त्यांनी विचारलं, "ताई, ताडपत्री टाकू ना वरून? ऊन लई आहे."

मे महिना होता, दुपारचे तीन वाजत आलेले. फडकी माझ्या पिशवीत कोरडीच होती.

"राहू दे," मी म्हणाले. "वारा लागू दे फुलांना."

त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं, पण गाडी सुरू केली. पवईला आम्ही तासभर अडकलो. रस्त्याचं काम चालू होतं, पुढे एक ट्रक बंद पडलेला. काकांनी परत विचारलं, "अजूनही टाकू का? दोन मिनिटांचं काम." मी मोबाइलमध्ये बघत राहिले आणि म्हणाले, "नको म्हटलं ना." मला काय हवं होतं ते मला नीट ठाऊक होतं. संध्याकाळी स्टेजवर मरगळलेली फुलं दिसावीत, कुणीतरी म्हणावं, "शिळी वाटतायत," आणि तिच्या त्या हुशारीची वाट लागावी. ती उभी असताना तिच्यामागे काहीतरी वाईट दिसावं, एवढंच. हेवा हा शब्द फार सभ्य आहे. माझा जळफळाट झाला होता.

मैदानात पोचलो तेव्हा सासूबाई वाट बघतच उभ्या होत्या. काकांनी पहिलं खोकं उतरवलं. जरबेऱ्याच्या माना पार खाली गेल्या होत्या. निशिगंध पिवळा पडून कडेने तपकिरी झालेला. शेवंती तेवढी तग धरून होती.

"अगो बाय माझे!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "हे असं कसं झालं?"

मी ट्रॅफिकचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात काका म्हणाले, "मी दोनदा विचारलं ताईंना ताडपत्री टाकू का म्हणून. त्या नको म्हणाल्या."

त्यांचा काही दोष नव्हता. फुलांचा ठपका त्यांना स्वतःवर नको होता. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले. त्या आता ओरडतील, सगळ्यांना सांगतील, असं वाटलं. त्यांनी साडीचा पदर कमरेला खोचला आणि त्या खुर्ची ओढून बसल्या. त्या दमल्या की मालवणीत बोलतात. म्हणाल्या, "हंय बस. पाकळ्यो काढ."

मी खाली बसले. आम्ही दोघींनी मेलेल्या जरबेऱ्याच्या बऱ्या पाकळ्या वेगळ्या केल्या, शेवंतीचे देठ कापले, निशिगंधाच्या मिटलेल्या कळ्या तेवढ्या निवडल्या. घरातली दोन पितळी घंगाळं आणि शेजाऱ्यांच्या तीन पराती पाण्याने भरून घेतल्या. स्टेजला शेवंती पुरली. बाकी सगळं पाण्यात सोडलं आणि स्टेजच्या पायऱ्यांपाशी मांडलं. दीड तास आमचे हात चालू होते. माझ्या बोटांना हिरवा रंग चढला होता. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी उलट बोलले असते, तीन वर्षांचं सगळं काढलं असतं. त्यांनी ती संधीच दिली नाही.

सात वाजता माणसं यायला लागली. पराती बघून बायका थांबत होत्या, फोटो काढत होत्या. "काय सुंदर कल्पना!" "नवरीची आयडिया आहे म्हणे, सकाळचीच फुलं." मी आइस्क्रीमच्या टेबलाजवळ उभी राहून ऐकत होते. तिची हुशारी मोडायला निघाले होते, आणि दीड तास राबून ती मीच आणखी चकचकीत करून ठेवली होती.

तेवढ्यात स्टेजवरून जावेने मला हाक मारली. माइक तिच्या हातात होता. "ही सगळी सजावट आमच्या ताईंची. बोरिवलीहून एवढ्या उन्हात फुलं घेऊन आल्या त्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनीही वाजवल्या, माझ्याकडे न बघता. मला त्या वेळी जावेचा जितका राग आला, तितका आधी कधीच आला नव्हता. मोठं मनसुद्धा तिच्याकडेच असावं?

तिसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात चहा करत होती. पुन्हा फुलांचं कौतुक काढलं तिने. मला सहन होईना.

"मी मुद्दाम उघडी आणली," मी म्हणाले. "ताडपत्री टाकू दिली नाही. सुकावीत म्हणूनच."

तिला आधी कळलंच नाही. मग तिने गॅस बंद केला.

"का?"

"तुझं सगळं छान होत होतं म्हणून."

ती मला समजून घेईल, हात हातात घेईल, अशी मला भीती होती. तसं काही झालं नाही. ती लाल झाली. "मी पहाटे चारला उठून दादर गाठलं होतं त्या जरबेऱ्यासाठी! तुम्हाला माझ्याशी प्रॉब्लेम होता तर तोंडावर बोलायचं ना. फुलांनी काय घोडं मारलं होतं?" आणि गाळणं सिंकमध्ये टाकून ती खोलीत निघून गेली. आमच्या घरात तेवढ्या मोठ्या आवाजात कुणी सून बोलली नव्हती. सासूबाई बाहेर टीव्ही बघत होत्या. त्यांनी आवाज थोडा वाढवला.

पंधरा दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मग एका रविवारी माशांच्या पिशव्या घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, बांगडे तुम्ही साफ करा, मला जमत नाही." तिच्यापुरतं ते संपलं होतं. रागावली, बोलली आणि मोकळी झाली. मी तीन वर्षं जे पोटात ठेवलं होतं, तसलं तिच्या पोटात पंधरा दिवसांवर टिकलं नाही. मी बांगडे साफ करत होते आणि मला त्याचाही हेवा वाटत होता.