भीती खोटी ठरली

माझ्या धाकट्या भावाने जातीबाहेरच्या मुलीशी नागपुरात कोर्ट मॅरेज केलं, तेव्हा काका विळा घेऊन त्याच्या भंडाऱ्यातल्या खोलीवर गेले. सोबत बाबा होते. नवरा-बायको मागच्या दाराने पळाले. पुढे भावजयीला ऑस्ट्रेलियात शिकायचा व्हिसा मिळाला, तिच्यासोबत भाऊही गेला. तिचं शिक्षण संपत आलं, तसा त्याने तिथे संरक्षणाच्या व्हिसासाठी अर्ज केला. गावी गेलो तर घरचेच मारतील, असं त्याचं सांगणं होतं.

अर्ज नाकारला. भंडाऱ्यात भीती असेल तर पुण्यात राहा, असं तिथले अधिकारी म्हणाले.

भावाने न्यायाधिकरणात दाद मागितली आणि साक्षीला माझं नाव दिलं. मी आंधळगावला सासरी असते. पण आई आजारी म्हणून साक्षीच्या दिवशी दिघोरीला, माहेरी होते. घरामागच्या सांदवाडीत जाऊन मी न्यायाधिकरणाचा फोन घेतला. दुभाषी बाई पुस्तकातलं मराठी बोलत होती.

"आपल्या बंधूंच्या जिवाला धोका आहे का?"

"हो. बाबा अन् काका मारून टाकतीन त्याले."

बाबा मागेच उभे होते. त्यांनी फोन हिसकावला.

"मी बाप बोलून राहिलो. माहा पोट्टा आहे तो, कोन मारन त्याले? पाठवून द्या. माय बिमार आहे त्याची." आवाज असा मऊ, की क्षणभर मलाही खरं वाटलं. फोन बंद करून त्यांनी माझ्या थोबाडीत मारली.

निकाल आला. बहिणीच्या आणि वडिलांच्या बोलण्यात मेळ नाही, वडील मायेने बोलतात, भीती पटत नाही.

भाऊ कोर्टात गेला. न्यायाधीश म्हणाले, भीती खरी की खोटी हे मी तपासू शकत नाही. निकाल देताना कायद्याची चूक झाली का, एवढंच बघेन. ती चूक झाली नव्हती. वरच्या कोर्टानेही तेच सांगितलं. यात वर्षं गेली. मधे आई वारली.

"ताई, निघालो तर वापस पाय ठेवता येत नाही. केस तिथंच संपते," तो फोनवर रडला.

मयतीला जमलेल्या लोकांना बाबा म्हणाले, "मायच्या मातीलेही आला नाही. अन् आमी मारून राहिलो म्हने!" दोन-चार जण हसले.

सगळे दरवाजे बंद झाल्यावर दोघं परतले आणि पुण्यात राहिले, निकालात सांगितल्याप्रमाणे. काही महिन्यांतच काकांनी पत्ता काढला. भरदिवसा, बसथांब्यावर, लोकांसमोर. भावाचा पाय मोडला. भावजयीला एका कानाने आता ऐकू येत नाही.

बाबांना मी विचारलं, "काहून केलं जी असं?"

"जिता आहे ना?" म्हणाले आणि जेवायला बसले.

दवाखान्यातून भावाने ऑस्ट्रेलियातल्या वकिलाला फोन लावला. मी खाटेजवळच होते.

"आता तर पुरावा आहे ना, साहेब?"

वकील म्हणाला, पुरावा पक्का आहे. पण हा अर्ज त्या देशात असणाऱ्यालाच करता येतो. आणि तिथे जायला तुम्हाला आता कोण व्हिसा देणार?

काका जामिनावर सुटले. यंदा त्यांच्या धानाचं रोवणं गावात सगळ्यांआधी आटोपलं. भाऊ-भावजय कुठे राहतात, हे मी विचारत नाही. तेही सांगत नाहीत.