हंडा उचलू लागताना

पाटोद्याला कुणी फिरायला जात नाही, त्यातून ऐन एप्रिलात. मी गेले, कारण पुण्यात ज्यांच्याकडे समुपदेशनाला जायचे त्या ताई आता पाटोद्याजवळच्या आपल्या गावी परतल्यात. फोनवर म्हणाल्या, "आपलं नुसतं बोलणं होतं. अंगाचं काय? या एकदा." दोन वर्षांपूर्वी ऑपरेशनमध्ये माझा डावा स्तन काढला. तेव्हापासून आरशापुढे कपडे बदलत नाही, आणि कुणी मिठी मारेलसं दिसलं की हातात पिशवी घेते. राहते एकटी, त्यामुळे पिशवी फारशी लागत नाही. फार एकटं वाटतं, तेही सांगून टाकते.

नगर, कडा, आष्टी, जामखेड करत पाटोदा. एसटीने अख्खा दिवस धरून चाला. बायकांना अर्धं तिकीट. पाणी नगरलाच भरून घ्या. कड्याच्या पुढे शेतं नुसती नांगरून पडलेली, आणि खिडकीचा गज हाताला चटका देत होता. शेजारच्या बाईने झोपेत माझ्या खांद्यावर मान टाकली, तर मी उठून मागच्या बाकावर जाऊन बसले.

ताईंकडे रात्री बाजरीची भाकरी, ठेचा आणि पिठलं. भांडी घासायला पाणी नाही म्हणून कागदी पत्रावळीवर.

सकाळी दूध सोसायटीच्या खोलीत गेलो. गावातली जनावरं चारा छावणीला गेलीत, दूध आटलंय, म्हणून सोसायटीने खोली ताईंना वापरायला दिलीय. पालथ्या कॅनच्या रांगेपुढे दहा-बारा बायका बसल्या होत्या, बहुतेक ऊसतोडीहून परतलेल्या. ताई उपदेश करत नाहीत. डोळे मिटा, जिथे दुखतंय तिथे आपलाच हात ठेवा, एवढंच. कुणी कमरेवर ठेवला, कुणी गुडघ्यावर. मी मांडीवर ठेवला. मांडीला काही झालेलं नव्हतं.

मग जोडीने पाठीला पाठ लावून उभं राहायचं होतं. माझ्या जोडीला गयाबाई, साठीच्या. मी म्हटलं, पाठ दुखतेय. ताई शांतपणे म्हणाल्या, "नाही म्हणालात, बरं केलंत. तो नकार अंगात कुठून आला, तेवढं बघा." मी बाहेर जाऊन उभी राहिले. रडूच आलं.

तेवढ्यात टँकर आला आणि सगळ्याच बाहेर धावल्या. गयाबाईंनी हंडा भरला आणि माझ्याकडे पाहिलं. भरलेला हंडा एकटीला डोक्यावर घेता येत नाही, दुसरी लागतेच.

"कामून उभ्या राहिल्या नुसत्या? उचलू लागा की."

"डावा हात वर जात नाही," मी म्हटलं, आणि पुढचंही निघून गेलं. "ऑपरेशन झालंय. छातीचं. काढलंय."

त्यांनी माझ्या छातीकडे सरळ पाहिलं. "बरं. मंग डाव्यानं नुसता काठ धरा."

उचलताना त्यांचा खांदा माझ्या सपाट बाजूला टेकला. डॉक्टर सोडून तिथे कुणाचं अंग लागलं नव्हतं. मी दचकले, हंडा कलला, पाणी आमच्या दोघींच्या अंगावर आलं.

"हलू नका बाई. टँकर आता परवा हाय."

मग मी हलले नाही. हंडा चुंबळीवर नीट बसेपर्यंत तो खांदा तिथेच होता. उन्हाने तापलेला, हाडकुळा. गयाबाईंनी पाच खेपा केल्या आणि पाचही वेळा मी उचलू लागले. ताई दारातून बघत होत्या.

परत येऊन आठवडा झाला. घर तसंच आहे, संध्याकाळ तशीच लांबते. पाण्याचा वीस लिटरचा जार मला स्टँडवर उचलून ठेववत नाही, म्हणून दोन वर्षं तांब्याने उपसून पाणी भरत आलेय. परवा समोरच्या दाराची बेल वाजवली.

"जार उचलू लागता का? डावा हात वर जात नाही. ऑपरेशन झालंय."

समोरच्या बाई चप्पलही न घालता आल्या. "मला वाटायचं, तुम्हाला कुणी आलेलं आवडत नाही," म्हणाल्या.

जार स्टँडवर चढला. चहाला थांबा म्हणायचं राहून गेलं, ते अजून जमत नाही. पण पुढचा जार गुरुवारी येतो, हे मी त्यांना सांगून ठेवलंय.